दोन दिवस ठुशीच्या मण्यांबरोबर

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. बाजाराचा दिवस असल्याने दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मधुमेहाच्या एका वृद्ध शेतकऱ्याने साखरेची गोळी केव्हा घ्यायची, हे मला तिसऱ्यांदा विचारले. ‘‘चिठ्ठीवर लिहिलंय ना? किती वेळा सांगायचं?’’ असे मी चारचौघांत ओरडले. आबांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली आणि ‘‘बरं, बाई’’ म्हणून निघून गेले. तिसऱ्या दिवशी मुलाने त्यांना रिक्षात घालून आणले. पहाटे गोळी घेऊन ते उपाशीपोटी उसाला पाणी पाजायला गेले आणि बांधावरच कोसळले. शेजारच्या शेतकऱ्याने गूळ खायला घातला म्हणून निभावले. दवाखान्यात तपासली तेव्हाही रक्तातील साखर ५८ होती. ती गोळी न्याहारीबरोबर घ्यायची असते. चिठ्ठीवर तसे लिहिलेही होते. पण आबांना वाचता येत नाही आणि हे मला दहा वर्षे माहीत होते.

त्या संध्याकाळी मी स्वतःचा रक्तदाब मोजला. तो १५२/९६ भरला. एका मोजणीवरून निदान करायचे नसते, म्हणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजला. आकडे फारसे हलले नाहीत. झोप तर कित्येक महिने तुकड्यातुकड्यांत चालली होती. ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी गोळी सुरू केली आणि शेवटची सुटी कधी घेतली, असे विचारले. मला उत्तर आठवेना.

पुण्याच्या लेकीने मग परस्पर माझे नाव कोल्हापुरातल्या एका शनिवार-रविवारच्या दागिने बनवण्याच्या वर्गात घातले. ‘‘या वयात मणी ओवत बसू?’’ म्हणून मी कुरकुरले, पण पैसे भरून झाले होते. शनिवारी सकाळी गडहिंग्लजहून एसटी धरली.

वर्गात आम्ही बाराजणी आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होतो. शिकायची होती ठुशी. गुजरीत टांगलेली ठुशी पाहताना वाटते, त्यात काय, मणीच तर ओवायचे. प्रत्यक्षात मणी एकमेकांना बिलगून बसावे लागतात. दोरा जरा सैल पडला की मण्यांमधून डोकावतो आणि फार ओढला तर ओळ वाकडी होते. आम्हाला मुलामा दिलेले पितळी मणी दिले होते. दोऱ्याला मेण लावून तो ताठ करायचा आणि मगच ओवायचा. दुपारपर्यंत मी दोन बोटे लांबीचे काम केले. शिकवणाऱ्या बाईंनी ते उजेडात धरले, हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाई, उसवा.’’ तीस वर्षांत मला कुणी असे सांगितले नव्हते. मी उसवले. पुन्हा ओवताना घड्याळाकडे पाहिले तर साडेचार वाजले होते आणि त्या तीन तासांत दवाखाना, आबा, माझा रक्तदाब यांपैकी काहीही डोक्यात आले नव्हते. त्या रात्री बहिणीकडे सलग सात तास झोपले.

असे का व्हावे? आपण ज्याला विश्रांती म्हणतो, त्यात शरीर पडून असते, पण मन कालचाच हिशेब उगाळत बसते. बोटे आणि डोळे दोन्ही गुंतले की त्या उगाळण्याला जागा उरत नाही. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३९ प्रौढांना पाऊण तास चित्रे, माती, कागद असल्या कामात बसवले. आधी आणि नंतर लाळेतील कॉर्टिसॉल मोजले. ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे हे संप्रेरक सुमारे तीन चतुर्थांश जणांत कमी झाले होते. हात आधीपासून सरावलेला असण्या-नसण्याने फरक पडला नाही. पाहणी छोटी होती आणि नुसते बसून राहिलेला दुसरा गट तुलनेला नव्हता, म्हणून तिच्यावर फार मोठा डोलारा उभारू नये.

माझा रक्तदाब आज १३० च्या आसपास आहे. तो गोळीने आणि मीठ कमी केल्याने उतरला, ठुशीने नव्हे. वाचकांपैकी कुणी मणी आणून गोळ्या बंद करू नयेत. सतत उदास वाटत असेल, जेवण-झोप उडाली असेल, तर असल्या वर्गाची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.

या कामाचे त्रासही आहेत. रविवारी दुपारी माझी मान अशी धरली की वळवता येईना. मान खाली घालून बसण्यापेक्षा पाट किंवा उशा ठेवून काम वर उचलावे आणि कोपरांना आधार द्यावा. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. बारीक कामात पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. माझ्या शेजारच्या बाई सुई हात लांब करून ओवत होत्या आणि दोष सुईला देत होत्या. वय पंचेचाळीस. त्यांना जवळचा चष्मा लागला होता, एवढेच. सांडलेले मणी मात्र लगेच वेचावेत. रांगते मूल ते तोंडात किंवा नाकात घालते.

हुपरीच्या चांदीकामाचे नाव ऐकून काहींना घरीच डाग देण्याची हौस येते. ती स्वयंपाकघरात करू नये. डाग देण्याच्या काही मिश्रणांत कॅडमियम असते. त्याची वाफ छातीत गेली तर त्या वेळी फारसे कळत नाही, काही तासांनी ताप, खोकला, धाप सुरू होते. असे झाल्यास सर्दी समजून घरी थांबू नये. नकली दागिन्याने कानाची पाळी खाजून चिघळत असेल तर बहुधा त्यातले निकेल सोसत नाही. तो दागिना काढून ठेवावा.

माझी ठुशी पुरी झाली. आकड्याजवळ दोरा अजून दिसतो. आता रविवारी संध्याकाळी तासभर बसते. शेजारणीने विकायला चार करून मागितल्या, मी नाही म्हटले. तारखा पाळायच्या झाल्या की तो दुसरा दवाखानाच.

गेल्या आठवड्यात आबा आले. चिठ्ठीवर मी उगवता सूर्य काढला आणि त्याच्या शेजारी भाकरी. ‘‘सांगा बघू, केव्हा घ्यायची?’’ असे विचारले. त्यांनी बरोबर सांगितले. मग उठता उठता म्हणाले, ‘‘बाई, नुसत्या च्यासंगं घेतली तर चालंल का?’’

‘‘नाही आबा,’’ मी म्हटले, ‘‘भाकरी पाहिजे.’’ आणि त्यांना पुन्हा खाली बसवले.