पशुधन सल्ला : म्हशीतला लिव्हर फ्लूक, डोस दिवाळीला आणि पुन्हा संक्रांतीला



गेल्या पंधरवड्यात दूध संकलनावर एकच तक्रार तीन-चार जणांकडून ऐकली. "म्हैस खाते बरी, पण दूध तुटलंय. जंताचं औषध पाजलं, मिनरल मिक्श्चर चालू केलं, तरी फरक नाही." अशा वेळी यकृतातल्या पर्णकृमीची, म्हणजे लिव्हर फ्लूकची शंका घ्यायलाच हवी.

माझ्या घरी हेच झालं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या वेताची म्हैस दिवसाला दोन लिटरने कमी आली. मी शिकलेला, म्हणून मीच दुकानातून जंताची गोळी आणून दिली, तीही दोनदा. जानेवारीत जबड्याखाली सूज दिसली तेव्हा डॉक्टरांना बोलावलं. शेण तपासलं, पर्णकृमीची अंडी निघाली. मी दिलेली गोळी आतड्यातल्या गोल जंतांची होती. यकृतातल्या चपट्या जंतावर ती चालतच नाही. तोवर तीन महिने, म्हणजे १८० लिटर दूध गेलं होतं. तुमचं जाऊ नये म्हणून हा मेसेज.

*हा जंत येतो कुठून?*
आपल्याकडच्या म्हशीत सापडतो तो फॅसिओला जायगँटिका. पानासारखा चपटा, अडीच ते साडेसात सेंटिमीटर लांब. यकृताच्या पित्तनळीत राहतो. त्याची अंडी शेणातून बाहेर पडतात. शेण पाण्यात गेलं की दोन-तीन आठवड्यांत अंडी फुटतात आणि पिल्लं पाण्यातल्या गोगलगायीत शिरतात. तिथं दीड-दोन महिने वाढून बाहेर पडतात आणि पाण्याकाठच्या गवताला बारीक दाण्यासारखी चिकटून बसतात. ते गवत म्हशीनं खाल्लं की जंत आतड्यातून थेट यकृत पोखरत जातो.

गोगलगाय सगळीच वाईट नाही. ही पातळ कवचाची, तोंडाला झाकण नसलेली असते. टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं तर ते उजव्या बाजूला दिसतं.

*आपल्या भागात धोका का?*
महाळुंगे परिसरात चरायला मोकळं रान उरलंय किती, हे तुम्हाला सांगायला नको. म्हशी ओढ्याकाठी, रस्त्याकडेच्या चरीत, नाहीतर निघोजे-मोईकडे इंद्रायणीच्या काठावर जातात. वैरणही तिथूनच कापून येते. पाऊस ओसरला की पाणी मागं सरतं आणि मागं जे हिरवंगार कोवळं गवत उरतं, सगळ्यात जास्त धोका त्याच गवतात. म्हणजे नेमका आत्ताचा काळ.

*ओळखायचं कसं?*
▪ दूध हळूहळू कमी, जनावर खंगतं, केस राठ होतात
▪ डोळ्याची आतली पापणी लालसर न दिसता पांढुरकी दिसते
▪ कधी पातळ शेण, कधी घट्ट
▪ माज लांबतो
▪ जबड्याखाली मऊ, थंड सूज

⚠️ सूज *गरम आणि दुखरी* असेल, ताप असेल, श्वासाला घरघर असेल तर तो घटसर्प असू शकतो. त्यात जनावर काही तासांत दगावतं. सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टर बोलवा.

*औषध कोणतं आणि कधी?*
फेनबेंडॅझोल आणि आयव्हरमेक्टिन ही नेहमीची जंतनाशकं लिव्हर फ्लूकवर चालत नाहीत. ऑक्सिक्लोझानाइड चालतं, पण फक्त मोठ्या झालेल्या जंतावर. गवतातून पोटात गेलेला जंत मोठा व्हायला १२ ते १६ आठवडे लागतात. म्हणजे १ ऑक्टोबरला खाल्लेला जंत डिसेंबर अखेर ते जानेवारीत मोठा होतो. दिवाळीत दिलेल्या डोसमधून तो सुटतो. "दिवाळीला पाजलंय की" असं म्हणून आपण निवांत राहतो आणि फसतो ते इथंच.

म्हणून डॉक्टरांशी बोलून वेळा अशा धरा :
१) दिवाळीच्या सुमारास : पावसाळ्याच्या सुरुवातीला शिरलेल्या जंतांसाठी
२) संक्रांतीच्या सुमारास : आत्ता काठावरच्या गवतातून येणाऱ्यांसाठी. *हा डोस चुकवू नका.*
३) मृगाच्या आधी, मे अखेर : नव्या पाण्यात अंडी जाऊ नयेत म्हणून

कोवळ्या जंतावर चालणारं ट्रायक्लाबेंडॅझोलही आहे, पण दुभत्या जनावराला ते मनानं देऊ नका. कोणताही डोस वजनावर ठरतो, म्हणून अंदाजे अर्धी बाटली पाजू नका. गाभण असेल तर आधी सांगा. औषधानंतर किती दिवस दूध घालायचं नाही ते डॉक्टरांना विचारा आणि तेवढे दिवस पाळा.

*शेण तपासणी*
मूठभर ताजं शेण स्वच्छ पिशवीत घ्या, वर कानातल्या टॅगचा नंबर लिहा. दवाखान्यात "लिव्हर फ्लूकसाठी बघा" असं स्पष्ट सांगा. ही अंडी जड असतात, तळाशी बसतात, त्यांची तपासणी वेगळी असते. जंत कोवळा असताना अंडी दिसत नाहीत, त्यामुळे आज काही निघालं नाही तरी जानेवारीत पुन्हा तपासा.

*गोठ्यावर काय करायचं?*
✅ पाणी हौदातलं पाजा, ओढ्यावर नेऊ नका
✅ हौदाभोवती चिखल होऊ देऊ नका, गळका पाइप दुरुस्त करा
✅ काठचं गवत मुळाशी कापू नका, वरचं कापा. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून घाला. धोका बराच कमी होतो
✅ गोठा धुतलेलं पाणी ओढ्यात सोडू नका. शेण उकिरड्यात नीट कुजवा किंवा गोबरगॅसला घाला. कुजताना तापतं, त्यात अंडी मरतात
✅ चाकणच्या बाजारातून नवी म्हैस आणली तर तपासणी होईपर्यंत वेगळी बांधा

आणि एक. हा जंत दुधातून माणसाला होत नाही. पण ओढ्याकाठची पालेभाजी कच्ची खाऊ नका, त्यातून होऊ शकतो.

ज्यांच्या म्हशी पाण्याकाठी चरतात त्यांनी रविवारपर्यंत ग्रुपवर नाव आणि जनावरांची संख्या टाका. सोमवारी सकाळच्या संकलनाला शेणाचे नमुने आणा, एकत्र दवाखान्यात देऊ. सूज आलेली म्हैस असेल तर सोमवारची वाट न बघता दवाखान्यात किंवा १९६२ वर फोन करा.

आणि आत्ताच फोनमध्ये संक्रांतीचा रिमाइंडर लावून ठेवा.

तुमचा,
कृषी सल्लागार