केसांच्या मुळाशी दडलेली दुखणी : काखेतील गळवे आणि माकडहाडाजवळचा नाडीव्रण

मानवी शरीरावर तळहात, तळपाय, ओठ अशा मोजक्या जागा सोडल्या तर बहुतेक सर्वत्र केसांची मुळे असतात. प्रत्येक मूळ कातडीतील एका बारीक खळगीत रुजलेले असते. या खळगीचे तोंड बुजले तर काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. विषय संकोचाचा आहे आणि म्हणूनच तो येथे मांडावासा वाटला. ही दुखणी बहुधा वयात आल्यानंतर, म्हणजे ऐन कॉलेजच्या काळात सुरू होतात, आणि त्या वयातील मुले-मुली अशा जागेचे दुखणे आईलाही सांगत नाहीत.

पहिले दुखणे काखेतले, जांघेतले, स्त्रियांत स्तनांखालचेही. काखेतल्या गळवाला आपल्याकडे काखमांजरी म्हणतात. एखादे गळू येते, फुटते, बरे होते. त्यात विशेष काही नाही. परंतु गळवे त्याच जागी पुन्हा पुन्हा येऊ लागली, कातडीखाली एकातून दुसऱ्यात बोगदे पडले, वण राहिले, तर तो हिड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा हा जुनाट दाहाचा आजार असू शकतो. फ्रेंच शल्यचिकित्सक वेर्नेय यांनी १८५४ साली त्याचा संबंध घामाच्या ग्रंथींशी जोडला. पुढे आजाराचा आरंभ केसाच्या खळगीत होतो असे दिसून आले, पण नावात ग्रंथी राहिली ती राहिलीच! बुजलेली खळगी आतून फुगते, फुटते, आणि आतला ऐवज आजूबाजूला पसरताच शरीराची संरक्षक यंत्रणा त्यावर तुटून पडते. दाह होतो तो त्यामुळे. घरची माणसे मात्र "उष्णता झाली", "आंघोळ नीट करीत नाहीस" असे म्हणून मोकळी होतात. हा आजार अस्वच्छतेने होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. निदान होईपर्यंत अनेक रुग्णांची वर्षेच्या वर्षे जातात.

दुसरे दुखणे दोन कुल्ल्यांमधील खाचेत, माकडहाडाजवळ होते. त्यास पायलोनायडल सायनस म्हणतात. अमेरिकेतील डॉ. हॉजेस यांनी १८८० साली दिलेल्या या नावाचा लॅटिनमधील अर्थ 'केसांचे घरटे' असा आहे. शस्त्रक्रियेत आतून खरोखरच केसांचा पुंजका निघतो. पू वाहणाऱ्या अशा अरुंद वाटेला आयुर्वेदात नाडीव्रण हा शब्द आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सुमारे ८०,००० सैनिकांना या दुखण्यापायी रुग्णालयात दाखल व्हावे लागले. जीपमधील हादऱ्यांना दोष देऊन १९४४ साली डॉ. बुई यांनी त्याला 'जीपचा रोग' म्हटले. तासन्‌तास बसून काम करणाऱ्या आम्हा कारकुनांनीही हे ध्यानात ठेवलेले बरे. पुष्कळ लोक याला भगंदर समजतात. पण भगंदराची वाट गुदमार्गाशी जोडलेली असते, याची नसते.

आता दोहोंतील संबंध. १९५६ साली अमेरिकेतील पिल्सबरी, शेली व क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी काखा-जांघांतील हा आजार, खोल गाठींचे मुरूम आणि डोक्याच्या कातडीतील पुवाळणारे बोगदे यांना एका कुळात बसवले. १९७५ साली प्लेविग व क्लिगमन यांनी त्यात चौथा सभासद घातला, तो माकडहाडाजवळचा नाडीव्रण. चौघांतही खळगी बुजण्याचे सूत्र समान मानले गेले. काखा-जांघांचा आजार असणाऱ्यांत हा नाडीव्रण इतरांपेक्षा अधिक आढळतो. अर्थात नाडीव्रण झालेल्या प्रत्येकाला दुसरा आजार असतोच असे नाही. खाचेत सुटे केस रुतूनही तो होतो.

व्यवहारात अडचण येते ती येथे. माकडहाडाचे दुखणे शल्यचिकित्सक पाहतो, काखेचे त्वचारोगतज्ज्ञ पाहतो, आणि लाजेपोटी रुग्ण एकाला दुसरे सांगत नाही. गळू तेवढे चिरले जाते, मूळ आजार तसाच राहतो. विद्यार्थी मित्रांनो, नाडीव्रण दाखवायला गेलात तर काखेत, जांघेत पूर्वी गळवे येत होती काय, घरात आणखी कोणाला असे होते काय, हे न विचारताही सांगावे.

नाडीव्रणावर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय आहे. नंतर त्या भागातील केस लेसरने काढल्यास तो उलटण्याचे प्रमाण कमी होते. काखा-जांघांच्या आजारात प्रतिजैविके दीर्घकाळ द्यावी लागतात, बोगदे पडल्यास शस्त्रक्रियाही. २०१५ पासून अमेरिका व युरोपात मान्यता मिळालेले अडालिमुमॅब हे इंजेक्शन तीव्र आजारात वापरतात. ते दाहाची साखळीच रोखते, परंतु स्वस्त नाही. विडी-सिगारेट व वाढलेले वजन यांचा या आजाराशी निकटचा संबंध आढळला आहे, आणि या दोन्ही गोष्टींवर काम करायला डॉक्टरांच्या चिठ्ठीची वाट पाहावी लागत नाही.