जेवण दिलं म्हणजे साथ दिली का?

प्रश्न : गडचिरोलीत नक्षलवाद्यांना जेवण दिलं म्हणून गावकऱ्यांना पोलिसांनी पकडल्याचं वाचलं होतं. बंदूक घेतलेली माणसं दारात उभी असताना जेवण देणं हाही गुन्हा ठरतो का?
– एक वाचक, ब्रह्मपुरी

उत्तर : आपखुशीने दिलं तर गुन्हा ठरतो, जिवाच्या धाकाने दिलं तर नाही. पण धाक होता हे कोर्टात पटवायचं कसं, इथे सगळं अडतं.

1980 मध्ये पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाची पथकं गडचिरोलीतल्या सिरोंचा-अहेरीच्या जंगलात आली. तेंदूपानांच्या तोडाईला त्यांनी जादा दर मिळवून दिला, म्हणून सुरुवातीला कित्येक घरांनी त्यांना मनापासून जेवू घातलं. पुढे मनाचा प्रश्नच उरला नाही. अंधार पडला की दलम, म्हणजे त्यांचं सशस्त्र पथक, गावाबाहेर थांबायचं, निरोप यायचा आणि घरोघरून भात गोळा व्हायचा. पावसाळ्यात कणगी तळाला गेलेली असताना पाहुण्यांसाठी भात रांधणं काय असतं, ते त्या घरच्या बाईलाच ठाऊक. नाही म्हणावं तर पोलिसांचा ‘खबरी’ ठरण्याची भीती. या संशयापायी पोलीस पाटील आणि सरपंचही मारले गेले. आणि दिलं, तर सकाळी पोलीस विचारणार, रात्री कोण जेवून गेलं?

कायद्यात ‘आसरा देणे’ या शब्दात अन्नपाणी पुरवणंही येतं. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम 19 खाली त्याला किमान तीन वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. मात्र आसरा स्वेच्छेने दिलेला असावा लागतो. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम 32, म्हणजे जुनं भादंवि 94, खुनासारखे अपवाद सोडून धाकाखाली केलेल्या कृत्याला संरक्षण देतं. त्यातली कळीची अट अशी, की भीती तत्काळ मृत्यूची हवी. जंगलातल्या गावात भीती तशी येत नाही. दलम जेवून निघून जातं. आज नाही म्हटल्याची शिक्षा महिन्याभरानेही मिळू शकते.

एकट्या घराला नकार झेपत नाही. 2003 पासूनची गावबंदी योजना इथेच उपयोगी पडली. अख्खं गाव ठराव करतं, की नक्षलवाद्यांना जेवण नाही, वर्गणी नाही; त्या गावाला विकासनिधी मिळतो. नकार सगळ्यांचा झाला की सूड घ्यायला एकच दार सापडत नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये माओवादी नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. आता मागे वळून जेवण दिलेल्या त्या रात्रींचा न्याय करताना आपण आधी एवढंच विचारावं : त्या बाईला चूल न पेटवण्याची मुभा होती का?