शांघाय : बंदर चीनचे, जकात कोणाची?

अफूच्या पहिल्या लढाईत चीन हरला आणि २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला. या तहाने चीनला पाच बंदरे इंग्रज व्यापाऱ्यांसाठी खुली करावी लागली : कँटन, अमॉय, फूचौ, निंगपो आणि शांघाय. अशा बंदरांना ‘तह-बंदर’ म्हणतात. त्यांपैकी शांघायची रचना, तिजारत आणि तेथील परकीय अंमलदार यांची माहिती आज घेऊ. व्यापारी बांधवांनी एक प्रश्न मनात ठेवून वाचावे : मालावरील कराचा दर कोण ठरवत होते?

शांघाय हुआंगपू नदीच्या पश्चिम काठावर आहे. जुन्या शहराभोवती १५५३ साली चाच्यांच्या भीतीने बांधलेला तट होता. परकीयांना जागा मिळाली ती तटाबाहेर, उत्तरेला. पूर्वेस नदी, दक्षिणेस यांगजिंगबांग ओढा, उत्तरेस सूचौ ओढा, अशी इंग्रजांची हद्द होती. १८४९ साली ओढा आणि तट यांमधली जागा फ्रेंचांनी घेतली. अमेरिकन सूचौ ओढ्यापलीकडे बसले. १८६३ मध्ये इंग्रज व अमेरिकन वसाहती एक झाल्या, फ्रेंच मात्र वेगळेच राहिले. म्हणजे एका शहरात तीन कारभार.

नदीकाठच्या पेढ्यांच्या रस्त्याला ‘बंड’ म्हणत. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. फारसी ‘बंद’ म्हणजे बांध. तो इंग्रजांनी हिंदुस्थानात उचलला आणि चीनला नेला. चांदीचे नाणे पारखणाऱ्या नोकराला तेथे ‘श्रॉफ’ म्हणत, म्हणजे आपला सर्राफच. परदेशी पेढीचा चिनी कारभारी तो ‘कॉम्प्रडोर’. गिऱ्हाईक आणायचे, चिनी नोकर ठेवायचे आणि त्यांची हमीही द्यायची. अडत्या आणि जामीन एकाच माणसात!

बंदर १७ नोव्हेंबर १८४३ रोजी उघडले. पहिला इंग्रज कॉन्सल कॅप्टन जॉर्ज बाल्फर, मद्रासच्या तोफखान्यातला अधिकारी. त्याने तेथील चिनी अंमलदाराशी, म्हणजे ताओताईशी, बोलणी करून १८४५ साली जमिनीचे नियम ठरवले. जमीन विकत मिळत नसे, कायमच्या भाडेपट्ट्याने मिळे, आणि पट्ट्याची नोंद कॉन्सलच्या कचेरीत होई. इंग्रज जहाज आले की कप्तानाने कागद कॉन्सलकडे ठेवायचे; जकात भरल्याशिवाय ते परत मिळत नसत. (जकात म्हणजे येथे बंदरावरचा सरकारी कर, शरिअतमधील जकात नव्हे.) गुन्हा इंग्रजाने केला तर न्याय इंग्रज कॉन्सल करी, तोही इंग्रजी कायद्याने. अमेरिकेचे सुरुवातीचे कॉन्सल तर स्वतः व्यापारीच होते. धंदाही त्यांचा, न्यायही त्यांचा.

१८५३ मध्ये बंडखोरांनी जुने शहर घेतले आणि चिनी जकात कचेरी लुटली गेली. पुढच्या वर्षी इंग्रज, अमेरिकन आणि फ्रेंच असे तीन निरीक्षक जकातीवर नेमले गेले. तीच पद्धत पुढे सर्व तह-बंदरांत पसरली. १८६३ पासून रॉबर्ट हार्ट तिचा प्रमुख झाला आणि १९०८ साली चीन सोडीपर्यंत कारभार त्याच्याच हाती होता. खाते चीन सरकारचे, साहेब परदेशी. हिशेब चोख असे, हे मान्य करावे लागेल. पण दर तहाने बांधलेला होता, शेकडा सुमारे पाच. तो वाढवायला चीनला परवानगी नव्हती. १८५८ च्या तहानुसार परदेशी माल आणखी अडीच टक्के भरून देशात कोठेही जाई, तर चिनी व्यापाऱ्याच्या मालाला नाक्यानाक्यावर लीकिन नावाचा कर. स्वदेशी माल महाग आणि परका स्वस्त, असा हा न्याय!

बाहेर जाई रेशीम आणि चहा. आत येई कापड, आणि अफू. १८५८ साली अफूवरही जकात बसवून ती राजरोस केली. माळव्याची अफू मुंबईहूनच जात असे. तहापूर्वी कँटनशी व्यापार करणाऱ्या जमशेटजी जीजीभाई यांच्या पेढीत मोहम्मद अली रोगे हे कोकणी मुसलमान भागीदार होते. रोगे यांचे नाव आपण अभिमानाने घेतो, पण त्या व्यापारात अफू होती हे लपवू नये.

सुताची गोष्ट वेगळी. १८७० नंतर मुंबईच्या गिरण्यांचे जाडे सूत चीनमध्ये भरपूर खपू लागले. सर करीमभाई इब्राहिम यांच्या खोजा पेढीच्या शाखा हाँगकाँग आणि शांघायला होत्या. पण १८९३ साली सरकारने हिंदुस्थानातील टांकसाळी चांदीला बंद केल्या. रुपया महागला, चीन मात्र चांदीवरच राहिला, त्यामुळे आपले सूत तेथे महाग पडू लागले. १८९५ च्या शिमोनोसेकीच्या तहाने परकीयांना तह-बंदरांत कारखाने काढण्याचा हक्क मिळाला आणि शांघायमध्येच गिरण्या उभ्या राहिल्या. १८९६ मध्ये लँकेशायरच्या समाधानासाठी आपल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसली. आपला दरही आपल्या हातात नव्हता. ती अबकारी १९२६ साली उठली. चीनचे स्वतःचे जकातदर १९२९ साली लागू झाले, आणि शांघायच्या वसाहतीवरील हक्क इंग्रज व अमेरिकन सरकारांनी १९४३ मध्ये सोडले.