पद्मिनीला हिवाळा मानवतो

चिमे, बाबांची पद्मिनी तुझ्या अंगणात आली आणि पहिल्याच थंडीत सगळ्यांनी तुला घाबरवून सोडलं म्हणे. 'जुनी गाडी आहे, हिवाळ्यात नको काढू, मार्चनंतर बघ.' अगं बाप्पा, काहून? उलटंच आहे सगळं. अमेरिकेतल्या बर्फाळ गावांत जुन्या गाड्या थंडीभर झाकून ठेवतात, हे खरं. पण तिथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ खालून पत्रा खातं. यवतमाळात पारा उतरून उतरून आठ-दहावर येणार, रेडिएटरचं पाणी काही गोठत नाही. आपल्याकडे गाडी झाकायची ती मे महिन्यात. पंचेचाळीसच्या उन्हात पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचायच्या आधीच नळीत वाफ होऊन बसतं, मग भर चौकात बॉनेट उघडून फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकत बसा. डिसेंबरात मात्र तिच्यासारखी गुणी गाडी नाही.

सकाळी तेवढी घाई करू नको. चोक पूर्ण ओढ, ॲक्सिलरेटर एकदा-दोनदा दाब आणि मग सेल्फ मार. तोही सलग घरघरत ठेवायचा नाही. चार-पाच सेकंद मारला की जरा थांब, नाहीतर बॅटरी उतरते. इंजिनानं धरलं की चोक अर्धा आत, आवाज एकसारखा झाला की पूर्ण आत. चोक तसाच ओढून गावभर फिरणारे मग प्लग काळे झाले म्हणून मेकॅनिकच्या नावानं ओरडतात. पेट्रोलचा वास आला, गाडी ओव्हरफ्लो झाली, तर चोक आत ढकल, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धर आणि सेल्फ मार. पाय वरखाली करायचा नाही.

हो, आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. हे 1089 सीसीचं इंजिन काही त्यासाठी बनलेलं नाही. इथेनॉलमुळे थंडीत गाडी धरायला वेळ लावते आणि जुनी रबरं फुगतात. नळ्या आणि फ्युएल पंपाचा डायाफ्राम एकदा बदलूनच घे. खर्च फार नाही.

पण खरं सांगू? गाडी सुरू कशी होईल याची काळजी सगळेच करतात. तू ती थांबेल कशी याची कर. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आजकालच्या गाड्यांसारखी जागच्या जागी उभी राहायची नाही ती. एका बाजूला ओढत असेल तर आधी मेकॅनिककाकांकडून ब्रेक सेट करून घे, मगच गावाबाहेर काढ. सध्या कापसाचे दिवस. कळंब, राळेगाव, घाटंजीकडून बैलगाड्या आणि ट्रॉल्या पहाटेच जिनिंगकडे निघतात. कापूस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर कापसाखाली दडलेला. पांढऱ्या धुक्यात पांढरा कापूस दिसत नाही गं. दिसतं ते खालचं काळं चाक, तेही अगदी जवळ गेल्यावर. म्हणून धुक्यात अप्पर नको, उजेड आपल्याच डोळ्यांवर येतो. डिपरवर चाल. जुन्या वायरिंगमुळे दिवे मिणमिणतात, त्यांना रिले बसवून घे. आतून काच धुरकटली तर खिडकीची ती त्रिकोणी काच बोटभर उघड. कान गार पडतील, स्कार्फ बांध. वणीकडे जायचं असेल तर कोळशाचे ट्रक असतात, तिथे ऊन वर आल्याशिवाय निघूच नको.

तुरी निघाल्या की लोक त्या डांबरी रस्त्यावर पसरतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली आपोआप मळणी होते. चिमे, हाच आपल्याकडचा बर्फ. त्यावर ब्रेक मारलास की चाक घसरलंच. लांबूनच वेग कमी कर, स्टिअरिंगजवळचा दांडा ओढून खालचा गिअर घे आणि सरळ निघून जा. मध्ये वळायचं नाही. थांबायचं तर मुळीच नाही, वाळलेली काडी तापलेल्या सायलेन्सरला लागून पेटू शकते. पुढे मोकळ्या रस्त्यावर बाजूला घे आणि खाली वाकून बघ, काही अडकलंय का. साडी असली तरी वाक, कोणी बघत नाही.

आणखी एक. गाडी पन्नाशीला टेकली की मामा तुला विंटेज नंबर घ्यायला लावणार, बघ. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, वीस हजार रुपये भरून, दहा वर्षांसाठी. दिसायला झोकदार असतो, पण मग ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, असल्याच कामांना. चतुर्थीला कळंबच्या चिंतामणीला जायचं तर काय सांगशील, रॅली आहे म्हणून? आपला साधाच नंबर राहू दे आणि दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन पासिंग करून आण. मामांना सांग, ताईनं नाही म्हटलंय.