झडपेवरची गाठ म्हणजे कॅन्सरच का?

“डॉक्टरसाहेब, खरं सांगा, कॅन्सरच आहे ना?” बेलवलीतील माझ्या दवाखान्यात एका रिक्षाचालकाच्या पत्नीने विचारले. हातात नवऱ्याच्या इकोचा रिपोर्ट होता. हृदयाच्या मायट्रल झडपेवर सुमारे १ सेंटिमीटरची गाठ, असे त्यात लिहिलेले.

वाचकहो, झडपेवरची खरी गाठ अतिशय विरळा. त्यातल्या त्यात आढळते ती पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा. ती कर्करोगाची नसते. पण तिचा तुकडा किंवा तिच्यावर साचलेले रक्त सुटून मेंदूत गेले तर पक्षाघात होतो. मिक्सोमा ही दुसरी साधी गाठ बहुधा झडपेवर नव्हे, तर हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात वाढते. स्टॉकहोमच्या डॉ. क्राफूर्ड यांनी १९५४ साली ती शस्त्रक्रियेने प्रथम यशस्वीपणे काढली. धातूची झडप बसवलेल्यांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या परस्पर बंद केल्या, तर झडपेवर रक्ताची गुठळी धरते. इकोत तीही गाठीसारखीच दिसते.

आमच्या रुग्णाचे निदान मात्र वेगळेच निघाले. लहानपणी त्याचे सांधे सुजत, ताप येई. त्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झाली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. दाढ काढल्यावर तोंडातील जंतू रक्तात शिरले, खरबरीत झडपेवर चिकटले आणि तिथे त्यांचा थर वाढत गेला. रोज संध्याकाळी कणकण, रात्री घाम, वजन उतरलेले. असे पाच आठवडे!

इथे माझी चूक कबूल केली पाहिजे. मी दोनदा अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. ताप उतरे, पुन्हा येई. तिसऱ्या खेपेस छातीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा मर्मर ऐकू आली. तोवर माझ्या गोळ्यांनी जंतू दबले होते. रुग्णालयात रक्ताच्या कल्चरमध्ये काहीच उगवले नाही. नेमका जंतू न कळताच सहा आठवडे शिरेतून इंजेक्शने द्यावी लागली. सुदैवाने शस्त्रक्रिया टळली, तो पुन्हा रिक्षा चालवतो.

झडपेचा आजार असलेल्याला आठवडाभर ताप राहिला, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चरसाठी रक्त घ्यायला सांगा. एकदा नव्हे, निरनिराळ्या वेळी दोन-तीनदा. कृत्रिम झडप असेल किंवा हा आजार पूर्वी झाला असेल, तर दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्यांना तसे सांगा. त्यांना अँटिबायोटिकचा एक डोस आधी द्यावा लागतो.