सगळं हिरवं दिसत होतं

कामशेतचे एक गृहस्थ मे महिन्यात मुलाला घेऊन माझ्याकडे आले. त्यांची भाताची गिरणी आहे, इंद्रायणी तांदूळ काढतात. मुलगा बारावी सायन्स, गणितात बेताचा, पण बंद पडलेला सीसीटीव्हीचा डबा उघडून पुन्हा चालू करणारा. वडिलांनी टेबलावर पुण्यातल्या एका क्लासचं माहितीपत्रक ठेवलं. फोटोत अंधारी खोली, भिंतभर स्क्रीन, त्यावर हिरवे-लाल चौकोन, आणि हेडफोन लावून बसलेली एक मुलगी. खाली फीचा आकडा.

"सर, हे नुसतं बघत बसायचे पैसे देतात का?"

प्रश्न तिरकस होता, पण रास्त होता. त्या फोटोमुळेच हे काम काय आहे याचा निम्मा गैरसमज होतो.

बँकेचं ॲप, हॉस्पिटलची नोंदणी, रेल्वेचं आरक्षण या सेवा एका सर्व्हरच्या भरवशावर ठेवत नाहीत. दोन, तीन किंवा जास्त सर्व्हर एकत्र बांधतात. एक बसला की दुसरा त्याचं काम उचलतो. या जुडग्याला क्लस्टर म्हणतात आणि सेवा सतत चालू ठेवण्याच्या या व्यवस्थेला हाय अव्हेलेबिलिटी, बोलताना नुसतं एचए. कुठला सर्व्हर जिवंत आहे, कुठली सेवा कोणाकडे आहे, डिस्क कुठे भरत आली आहे, हे चित्ररूपात दाखवणारं आणि माऊसने सेवा इकडून तिकडे हलवू देणारं सॉफ्टवेअर म्हणजे फोटोतली ती स्क्रीन.

"म्हणजे माझ्याकडे स्पेअर मोटर आहे, तसंच," गिरणीवाले म्हणाले.

मी विचारलं, ती मोटर कुठे आहे? गोणपाटाखाली. शेवटची कधी चालवून पाहिली? ते हसले. जोडायला किती वेळ? मेकॅनिक वडगावहून आला तर अर्धा दिवस. एचए म्हणजे ती स्पेअर मोटर कायम जोडलेली, फिरायला तयार, पहिलीचा श्वास ऐकत बसलेली, आणि ती थांबली की कुणीही न सांगता पट्टा आपल्याकडे ओढून घेणारी. त्या श्वासाला या धंद्यात हार्टबीट म्हणतात. सर्व्हर एकमेकांना सतत "आहेस का?" विचारत असतात. ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही की दुसरा सर्व्हर सेवा चालू करतो आणि ज्या पत्त्यावर लोक येतात तो पत्ताही स्वतःकडे घेतो. फोन बदलला तरी नंबर तोच राहावा, तसं. याला फेलओव्हर म्हणतात.

घाई कसली, तर हिशेब बघा. "९९.९ टक्के चालू" ऐकायला भारी वाटतं, पण त्यात वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा आहे. ९९.९९ म्हटलं तर साधारण ५३ मिनिटं. ९९.९९९ म्हटलं तर सव्वापाच मिनिटं, वर्षभरात मिळून. एवढ्यात मेकॅनिकला फोनही लागत नाही.

लोणावळ्याच्या मुलांना मी हे शिकवताना घाटावरून शिकवतो. कर्जतहून वर येणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात हे त्यांना माहीत असतं, आणि क्लस्टर म्हणजे तेच असं कुणीतरी वर्गात म्हणतंच. पण तसं नाही. बोरघाटात ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे. तिथे बँकर बंद पडले तर पुढचं इंजिन एकटं भरलेली गाडी नेऊ शकत नाही. क्लस्टरमध्ये अट उलटी असते. एक सर्व्हर पूर्ण गेला तरी उरलेल्याला सगळं ओझं पेलता आलं पाहिजे. दोन्ही सर्व्हर सत्तर-सत्तर टक्के भरलेले असतील तर स्क्रीनवर एचए कितीही हिरवं दिसो, एक गेला की दुसराही बसणार. कागदावर एचए आणि प्रत्यक्षात बँकर, अशी कितीतरी ठिकाणं आहेत.

खरं एचए बघायचं तर घाट उतरणाऱ्या गाडीकडे बघावं. तिथे जागोजागी कॅच सायडिंग आहेत. सांधा मुळातच त्या सायडिंगकडे लावलेला असतो. गाडीने थांबून आपण ताब्यात आहोत हे दाखवलं की मगच मुख्य मार्ग मिळतो. ब्रेक न लागलेली गाडी चढत्या, बंद फाट्यात जाऊन थांबते. क्लस्टरमध्ये याच विचाराला फेन्सिंग म्हणतात. कारण सर्व्हर मरणं ही तितकीशी मोठी आपत्ती नाही. मोठी आपत्ती म्हणजे तो मेला असं दुसऱ्याला वाटणं आणि तो जिवंत असणं. मधली वायर तुटली, दोघांनाही वाटलं की आता मीच मालक, आणि दोघंही एकाच डेटावर लिहायला लागले, की खाती कायमची बिघडतात. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. म्हणून ज्याची खात्री नाही त्याची वीजच तोडायची, मग काम उचलायचं. या तरकिबीला लिनक्सवाल्यांनी स्टोनिथ असं नाव ठेवलंय. त्याचा विस्तार "समोरच्याच्या डोक्यात गोळी घाला" असा आहे, तेव्हा आईवडिलांसमोर सांगताना मी जरा चाचरतो.

दुसरा उपाय आपल्या गावात रोजचा आहे. ग्रामसभेला गणपूर्ती लागते; ती नसेल तर सभा तहकूब, निर्णय नाही. क्लस्टरही बहुमत नसलेल्या तुकड्याला काम करू देत नाही. म्हणूनच दोनापेक्षा तीन सर्व्हर बरे.

हे पुस्तकी भय नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहब या जगभरच्या प्रोग्रामरांच्या कोठारात अमेरिकेतल्या दोन ठिकाणांमधलं नेटवर्क ४३ सेकंद तुटलं. आपोआप फेलओव्हर झालं, पण दोन्हीकडे एकमेकांकडे न पोचलेल्या नोंदी उरल्या. त्या जुळवून सेवा पूर्ववत व्हायला २४ तासांहून जास्त लागले.

माझी स्वतःची एक रात्र सांगतो. एका कंपनीच्या सपोर्टमध्ये नाइट शिफ्टला होतो. पावणेतीनला फोन आला, की कुणालाच लॉगिन होत नाही. स्क्रीन बघितली, सगळं हिरवं. पुन्हा बघितली, हिरवंच. मी आत्मविश्वासाने सांगितलं, आमच्याकडून काही नाही, तुमचं नेटवर्क बघा. वीस मिनिटं अशीच गेली. मग एका जुन्या सहकाऱ्याने काळी स्क्रीन उघडली आणि सेवेला हाताने एक प्रश्न पाठवला. उत्तर नाही. आमचं मॉनिटरिंग त्या सेवेला फक्त "जिवंत आहेस का?" एवढंच विचारत होतं. ती जिवंत होती, प्रोसेस चालू होती, पण आतून अडकलेली. "काम करतेस का?" हे कुणी विचारायचंच ठेवलं नव्हतं. सकाळी मी तो चेक बदलला. चार ओळींचं काम होतं, पण ती वीस मिनिटं आजही आठवतात.

गिरणीवाल्यांना मी म्हणालो, नुसतं बघत बसायचे पैसे देणारी नोकरी आहे, पण ती आटत चालली आहे. लाल झालं की वरच्याला फोन करायचा, एवढंच काम यंत्र करतं आणि एआय आणखी चांगलं करेल. हिरव्यावर संशय घेणारा, पुढचा प्रश्न काय विचारायचा हे जाणणारा माणूस मात्र कंपन्या शोधत असतात.

म्हणून एखाद्या ठरावीक स्क्रीनवर कुठली बटणं दाबायची हे शिकवणाऱ्या क्लासला मी फार किंमत देत नाही. स्क्रीन बदलत राहतात. वेरिटास कंपनीचं मोठं अभियांत्रिकी केंद्र पुण्यात होतं. तिच्या क्लस्टर सर्व्हरची जावातली खिडकी उघडून बसणारी एक पिढी इथे घडली. कंपनी सिमँटेककडे गेली, पुन्हा वेगळी झाली, मग तिचे तुकडे झाले. रेड हॅट या लिनक्स कंपनीचं क्लस्टरचं वेब पान बरीच वर्षं स्वतंत्र होतं, नव्या आवृत्तीत ते कॉकपिट या तिच्या सर्वसाधारण वेब पानाच्या आत गेलं. सुसे या दुसऱ्या लिनक्स कंपनीचं हॉक वेगळंच दिसतं. एलसीएमसी नावाचं एक मोफत जुनं साधन आहे, त्यात क्लस्टर बाणांनी जोडलेलं सुरेख दिसतं. चित्र समजायला जरूर उघडा, नोकरीसाठी त्यावर विसंबू नका. आभासी सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर कंपनी ब्रॉडकॉमने २०२३ च्या शेवटी विकत घेतल्यापासून बऱ्याच कंपन्या प्रॉक्समॉक्स या मोफत पर्यायाकडेही बघू लागल्या. या सगळ्यांच्या खाली हार्टबीट, गणपूर्ती आणि फेन्सिंग तेच आहे.

मग शिकायचं कुठून? दहावीनंतर आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्क मेंटेनन्स हा ट्रेड आहे, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे आणि डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बारावीनंतर बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा बीसीए. तळेगावात, लोणावळ्यात कॉलेजं आहेत. या कामासाठी कॉलेजच्या नावावर अडून बसू नये. इंजिनिअरिंगची पदवी किंवा एमसीएसारखं पदव्युत्तर शिक्षण झालं असेल तर पुण्यातल्या सी-डॅकचा हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशनचा पीजी डिप्लोमा बघावा. प्रवेश सी-कॅट या परीक्षेतून मिळतो. परम संगणक घडवणारी ती संस्था, क्लस्टर तिच्या हाडात आहेत. आधी मात्र लिनक्स. रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा चांगली, कारण तिथे पर्याय निवडायचे नसतात. चालत्या संगणकावर काम करून दाखवायचं असतं. पगाराचं पोस्टर लावणाऱ्या क्लासला पालकांनी एकच विचारावं: मागच्या वर्षीच्या तीन मुलांशी आम्हाला बोलू द्या.

फीच्या पैशातला छोटा भाग काढून सेकंडहँड डेस्कटॉप किंवा सोळा जीबी रॅमचा लॅपटॉप घ्या. अल्मालिनक्स, प्रॉक्समॉक्स, देखरेखीसाठी झॅबिक्स आणि ग्राफाना, सगळं फुकट मिळतं. दोन-तीन आभासी सर्व्हर बनवा, क्लस्टर बांधा आणि मोडा. इंटरनेटवरच्या बहुतेक कृतींमध्ये सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की स्टोनिथ बंद करा, नाहीतर सेवा चालू होणार नाही. मुलं करतात. मग मुलाखतीत मी विचारतो, "बंद का केलंस?" उत्तर येतं, "सर, तसं लिहिलं होतं." त्याच्यापेक्षा, "माझ्याकडे वीज तोडणारं यंत्र नव्हतं, म्हणून सरावापुरतं बंद केलं, खऱ्या ठिकाणी करणार नाही," असं म्हणणारी मुलगी मला जास्त पटते, तिची टक्केवारी कितीही असो. काय मोडलं, केव्हा, कसं जुळवलं, हे तारखेनिशी लिहिलेली वही मुलाखतीला घेऊन जा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, पण चार ओळींचा स्पष्ट रिपोर्ट लिहिता आला पाहिजे. रात्री तीनला तोच रिपोर्ट दुसऱ्या देशातला माणूस वाचणार असतो.

आता घरच्यांच्या काळज्या. नोकरी कुठे? मावळ दोन बाजारांच्या मधोमध आहे. एकीकडे हिंजवडी आणि पुणे, दुसरीकडे घाट उतरला की पनवेल, जिथे योट्टाचं अवाढव्य डेटा सेंटर २०२० मध्ये सुरू झालं, आणि पुढे महापे, ऐरोली. नाशिकची ईएसडीएस ही डेटा सेंटर चालवणारी कंपनीही आहे. रात्रपाळी? असणार. सुरुवातीची दोन-तीन वर्षं तर नक्की, आणि पुढे ऑन-कॉल, म्हणजे लग्नाच्या पंगतीतही फोन वाजू शकतो. त्यामुळे ऑफर आल्यावर पगारासोबत शिफ्टची वेळ आणि लोणावळा लोकलचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघा. शेवटची लोकल गेल्यावर सुटणारी शिफ्ट असेल तर कंपनीची गाडी तळेगावपर्यंत येते की चिंचवडलाच सोडते, हे लेखी विचारा. मुलींच्या बाबतीत तर हे पहिलं विचारा आणि संकोच करू नका. कंपनीला तो प्रश्न अपमानास्पद वाटला तर तिथे नकोच.

आणि हो, "यात पर्मनंट आहे का?" सरकारी अर्थाने क्वचितच. पण १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कित्येक ठिकाणी जोडीचा दुसरा सर्व्हर तयार होता, पण त्यानेही तेच अपडेट घेतलं होतं. त्या दिवशी कंपन्यांना माणसं लागली, एकेका यंत्रापाशी जाऊन बसणारी.

गणपती झाल्यावर गिरणीवाल्यांचा फोन आला, येऊन बघा म्हणाले. गिरणीच्या ऑफिसात, तांदळाच्या पोत्यांना लागून, जुन्या बाजारातून आणलेले दोन डेस्कटॉप आणि तिसऱ्या मतासाठी एक छोटा रास्पबेरी पाय. मुलाने गिरणीच्या हिशेबाचं वेब पान त्यावर चढवलं होतं. मला काही सांगायच्या आधी तो वडिलांना म्हणाला, "पप्पा, डावीकडचा प्लग काढा." त्यांनी काढला. स्क्रीनवरचा एक चौकोन लाल झाला, पान गोल गोल फिरत राहिलं. मुलगा मोठ्याने आकडे मोजत होता. बावीसला पान परत आलं, कालचे हिशेब जसेच्या तसे.

वडील प्लग हातात धरून थोडा वेळ वायरीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

"हे दोन्ही एकाच बोर्डावर लावलेत की रे."